डोळा भरणे

बाबांच्या तोंडात आता एकच शब्द उरलाय: पावशेर.
चहा हवा, पावशेर. कूलर बंद कर, पावशेर.
आईच्या फोटोवरची धूळ मी पुसते
तेव्हा जरा हळू, पावशेर.

रामदासपेठेत तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर कुर्वे
कागदावर मेंदू काढतात, बटाट्यासारखा,
आणि डावीकडचा तुकडा पेनाने काळा करतात.
कमरेच्या हाडातून मज्जा घ्यायची,
मूलपेशी निवडायच्या, शिरेतून परत सोडायच्या.
"अजून अभ्यासच चालू आहे," ते म्हणतात.
"चाचणीत नाव घालतो. पण बाटलीत पेशी असतील
की नुसतं सलाईन, ते मलाही कळणार नाही."

धंतोलीतला दुसरा दवाखाना हमी देतो.
गुळगुळीत कागद, सहा लाख, हिरवळीवर पळणारा म्हातारा.
भाऊ बेशाचा प्लॉट विकायला निघालाय.

बाबा बटाट्याकडे बघत राहतात.
चाळीस वर्षं कळमेश्वरच्या रोपवाटिकेत
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरले त्यांनी.
सालीला उलटा टी, नखाएवढा डोळा आत, वरून पट्टी,
मग तीन आठवडे हात लावायचा नाही.
किती लागतील? मी विचारायची.
"शंभरात सत्तर. बाकीचे काहून नाही,
ते झाड सांगत नाही बाप्पा."
हमी देऊन रोपं विकणारा कुणी आला
तर बांधावरूनच हाकलायचे त्याला.

आता डाव्या हाताने ते पेन मागतात.
काळ्या तुकड्यावर, थरथरत,
एक उलटा टी.
मग डॉक्टरांकडे बघून: पावशेर?
शेवटचं प्रश्नचिन्ह आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.
भावाने प्लॉटची फाईल पिशवीत परत घातली.

बाटली चढली त्याला तीन महिने झाले.
रोज सकाळी, ऊन तापायच्या आत, रिझवाना येते,
दोन वाट्या मांडते, एकीत वाळके वाटाणे.
इकडचा तिकडे. उजव्याच हाताने, काका.
पहिला महिना एकही नाही.
दुसऱ्यात अंगठा बोटाला भेटायला लागला.
कशाने, ते कुर्वेंच्या लखोट्यात बंद आहे;
कदाचित तिथेही नाही.

काल एक वाटाणा घरंगळत कूलरखाली गेला.
बाबांनी शिवी दिली.
अस्सल, कळमेश्वरची, आईवरून, एक अक्षर न गाळता.

मी रिझवानाकडे बघितलं.
ती मान खाली घालून
वाटाणे मोजत होती.