छपरावर झाडू

हा-मोथेबेला रस्ता संपतो,
तिथून आमचा दवाखाना आणखी दोन डोंगर वर.
दोन खोल्या, एक फ्रीज, एक घोडी.
घोडीचं नाव पूने, म्हणजे मका.
मी नर्स. मासेरूहून बदली होऊन आलेली.
म्मे मालिनेओ अडाणी, असं ती स्वतःच सांगते
आणि सगळ्या खोऱ्याचा खोकला तोंडपाठ म्हणून दाखवते :
हा चुलीच्या धुराचा,
हा खाणीतला, तीस वर्षं मुरलेला,
आणि हा...
ती थांबते.
हा नवा.

त्या हिवाळ्यात सीमा बंद झाली.
तरी माणसं येत राहिली, रात्रीची, नदी ओलांडून,
बूट गळ्यात बांधून.
तिकडच्या खाणी बंद, खोल्यांची भाडी थकलेली.
आली ती घरात दडून बसली.
राजधानीतून फोन : यादी पाठवा,
कोण आलं, कधी, कुठल्या वाटेनं.
मी पेनाचं टोपण काढलं.
मालिनेओनं खांद्यावरच्या ब्लँकेटची पिन नीट केली.
"वाट विचारलीस तर दार मिटेल, पोरी.
आधी शेळ्यांचं विचार."

मग आम्ही शेळ्यांचं विचारलं.
दारापासून दहा पावलांवर पूनेला उभी करून,
मास्कमधून ओरडत :
शेळी व्याली का? छप्पर गळतंय का?
आजीच्या गोळ्या किती उरल्या?
धाकटीची गोवराची सुई राहिलीय, कधी आणू?
पाचव्या दारी, कितव्यातरी प्रश्नाला
आतून पुरुषाचा आवाज आला :
"मला वास येत नाही. तीन दिवस झाले.
कांद्याचासुद्धा."

त्या आठवड्यात नऊ जण
आपल्या पायांनी बाहेर आले.

मासेरूला म्हणे व्हेंटिलेटर आलेत,
खोक्यांवर कुठकुठल्या देशांचे झेंडे.
चांगलंच आहे. कुणाला तरी लागतील.
आमचा साबण पहिल्याच महिन्यात संपला
आणि मालिनेओचं मानधन चौथ्यांदा 'पुढल्या महिन्यात'.
हे तिनं हसून सांगितलं नाही, रडूनही नाही.
वारा कुठून सुटलाय ते सांगावं, तसं.

एचआयव्हीच्या सहा-सहा महिन्यांच्या गोळ्या
आम्ही तंबाखूच्या डब्यांतून घरोघर पोचवल्या.
एक बाळ संचारबंदीतच जन्मलं,
वाटेवर, खोगिराखालच्या घोंगडीवर.
पूनेनं तोंड फिरवून घेतलं होतं.

जुलैत बर्फ.
न्ताते सेकोन्याना आत, नाकाला नळी,
ऑक्सिजनचं यंत्र बॅटरीवर गुरगुरतंय.
पहाटे बॅटरीचा लाल दिवा लुकलुकू लागला.
ऊन येण्याआधी छपरावरचं सौर पॅनेल मोकळं व्हायला हवं.
मी शिडी धरली.
साठीची बाई झाडू घेऊन वर गेली.
वर झाडू : खर्र, खर्र.
आत यंत्र. आत म्हातारा.
माझे हात शिडीला चिकटले होते थंडीनं,
ती वरून विचारत होती,
दिवा हिरवा झाला का?
झाला का?

दुपारी सेकोन्याना डोळे उघडून म्हणाला,
"छपरावर कोण नाचत होतं रात्री?"
"शेळी," मालिनेओ म्हणाली.

महिन्याच्या अहवालात एक रकाना असतो :
दुरुस्ती व देखभाल.
मी शून्य लिहिलं. खोडलं.
लिहिलं : झाडू झिजलाय, नवा पाठवा.
आणि मालिनेओचे
पाच महिन्यांचे पैसे.