सतरा नंबर

उन्हाळ्याचे चार महिने मी इथेच असते,
फाटकाजवळच्या ट्रेलरमध्ये,
फुकट विजेच्या बदल्यात छावणीवर नजर ठेवत.
त्याआधी तीस वर्षं शाळेची बस चालवली,
म्हणून आरशात न बघताही मला कळतं
मागे कोण कोणाला चिमटा काढतंय.

शुक्रवारी संध्याकाळी लोक येतात, मिनियापोलिसहून, डुलूथहून,
टपावर होडकं, डिकीत अर्धं घर.
अंधाराच्या आत तंबू उभा राहावा म्हणून
नवरा-बायको दबक्या आवाजात भांडतात.
तंबूचं कापड किती पातळ असतं
हे त्यांना दुसऱ्या रात्री कळतं.

नियम थोडेच. दहानंतर आवाज नको.
लाकूड बाहेरून आणू नका,
त्यातून किडा येतो आणि आमची ॲशची झाडं पोखरतो.
पाव, टूथपेस्ट, सगळं गाडीत बंद करा.
ऐकत कोणी नाही.
रॅकून मात्र वेळ पाळतात.
काल नऊ नंबरच्या पोरांचा मार्शमेलोचा अख्खा पुडा गेला,
आणि सकाळी ती पोरं रडायची सोडून
चिखलातले इवल्या हातांचे ठसे मोजत बसली होती.

सतरा नंबर ड्वेन ऑस्टबीचा.
ऑगस्टचा दुसरा आठवडा, ठरलेला.
मार्लिस, त्याची बायको, निघताना दर वर्षी
सूचनांचं कार्ड भरून माझ्या हातात द्यायची,
टपोऱ्या अक्षरात:
जागेला तळ्याकडे उतार आहे. रात्रभर घरंगळायला होतं.
अकरा वर्षं, अकरा कार्डं.
मी ती वर पाठवत राहिले.
वरच्यांचं काम म्हणजे सावलीतला बर्फ,
वितळतो, पण आपण बघत असताना नाही.

यंदा मे महिन्यात ट्रक आला.
खडी, रोलर, पाणसळ घेतलेला एक पोरगा.
तीन दिवसांत सतरा नंबर टेबलासारखा सपाट.
मी फोटो काढून ठेवला, मार्लिसला दाखवायला.

गाडीतून ड्वेन एकटाच उतरला.

मी विचारलं नाही.
रिकाम्या सीटबद्दल
शेजारच्या पोराला विचारायचं नसतं,
एवढं बसने शिकवलंय.

त्यांचा तंबू जुना, चौघांचा, त्याला दोन माणसं लागतात:
एक खांब धरायला, एक चुका काढायला.
मी खांब धरला.
चुका कोणीच काढल्या नाहीत,
म्हणून तो जरा वाकडाच उभा राहिला.

सकाळी ड्वेन बाकावर बसलेला, कॉफी गार,
तळ्यावर लून पक्षी ओरडत होता.
झोप लागली का, म्हटलं.
"नाही," म्हणाला.
"ती वरच्या अंगाला झोपायची.
तासा-तासाला घरंगळत माझ्यावर यायची,
कोपर बरगडीत.
मी तिला ढकलून परत वर चढवायचो.
रात्रभर हेच काम."

मग त्याने कार्ड दिलं, सही-तारखेसकट.
जमीन फार सपाट आहे.

हसावं की काय करावं कळेना.
तोच हसला आधी, नाकातून, थोडंसं.

बावीस नंबर रिकामा होता, कोणी मागत नाही तो,
पाइनची मुळं वर आलेली, एका अंगाला कललेला.
खुंट्या उपटल्या. नऊ नंबरची पोरं आत शिरली,
चारही कोपऱ्यांतून उचलून धरला त्यांनी तंबू,
आणि वळणाच्या रस्त्यावरून एक घर
बारा अनवाणी पायांनी चालत गेलं.
अकरा नंबरचा कुत्रा भुंकून भुंकून दमला.

कार्ड मी वर पाठवलंय. पाठवायचं असतं.

तंबू टेकल्यावर ड्वेनने आत
पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली.
ती घरंगळली, कापडाला जाऊन थडकली.
मग त्याने आपली पथारी
खालच्या अंगाला घातली.