औटकी

डिसेंबर सरता सरता तळजाईवरून थंडी उतरते
आणि सहकारनगरातली न्हाणीघरं
जरा जास्तच घट्ट मिटून घेतात.
आमच्या खिडकीत कबुतरं अंडी घालायची
म्हणून मीच लावला थर्माकोल,
चारी कडांना चिकटपट्टी,
आणि हात झटकले, एक काम झालं म्हणून.

मामंजी आंघोळ करताना पाढे म्हणतात.
खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
मापाला माप लावलेला माणूस,
स्तोत्र नाही, मंत्र नाही, औटकी.
एके औट, दुणे सात, त्रिक साडेदहा,
तांब्यागणिक एक ओळ,
आणि डोक्यावर गॅस गीझर,
भुर्रकन पेटलेला, निळे दात काढून.

आठवडाभर माझं डोकं चढत होतं.
पित्त, म्हणाले सगळे. मीही म्हणाले.
आमसुलाचं सार, सुंठीचा लेप.
न्हाऊन बाहेर आले की भणभणायचं,
गच्चीत कपडे वाळत घालेस्तोवर उतरायचं.
ऊन लागल्यानं बरं वाटतं, अशी माझी समजूत.

सिलिंडरच्या गॅसला वास असतो ना,
तो त्याचा स्वतःचा नसतो.
कुणीतरी मुद्दाम घातलेला असतो,
न पाहिलेल्या माणसांच्या नाकांसाठी.
त्या घाणेरड्या वासाइतकी माया
मी फार थोड्या गोष्टींत पाहिली.

ह्याला कुणी काही घातलेलं नाही.
ना रंग, ना गंध, ना पायरव.
रक्तात प्राणवायूसाठी मांडलेल्या पाटावर
हा येऊन बसतो जावयासारखा,
आणि उठत नाही.

त्या मंगळवारी चोक चौदा ऐकलं.
पाचा साडेसतरा.
सक एकवीस.
मी पोह्यांची फोडणी करत होते, मोहरी तडतडली.
मग नुसतं पाणी.
सत्त्यापाशी कुणीही अडखळतं,
म्हटलं, आठवत असतील.
पोहे परतले. हळद अंमळ जास्त झाली.
पाणी पडतच होतं.
दाराशी जाऊन विचारलं,
मामंजी, सत्ते?

सत्ते?

कडी आठ महिने सैल होती.
रोज म्हणायचो सुताराला बोलावू, रोज राहायचं.
एका खांद्यात निघाली.
माझ्या टापटिपीनं त्यांना कोंडलं
आणि आमच्या आळसानं सोडवलं,
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दवाखान्यात नाकावर मुखवटा, गाल लालबुंद,
म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, काय तब्येत आहे!
संध्याकाळी डोळे उघडून आधी म्हणाले,
साडेचोवीस.

दुसऱ्या दिवशी इलाही तांबोळी आला, गीझरवाला.
थर्माकोलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.
बोटानं पट्टी सोलत म्हणाला,
वहिनी, कबुतराला घर दिलं असतं तर बरं झालं असतं.
गीझर काढून मागच्या उघड्या गॅलरीत नेला,
बर्नरमधली काजळी वर्तमानपत्रावर झाडून
मला दाखवली. मूठभर होती.

आता बोळातल्या भिंतीवर एक पांढरी डबी आहे,
साबणाच्या वडीएवढी.
हिरवा ठिपका मिणमिणतो.
दर रविवारी मामंजी स्टुलावर चढून बटण दाबतात,
ती किंचाळते, खालचे देवचके दार उघडून बघतात,
मामंजी खूश.
डबीवर लिहिलंय, सात वर्षांनी बदला.
तेव्हा मी ब्याण्णवचा, म्हणतात,
आणि तारीख पेन्सिलीनं भिंतीवर टिपून ठेवतात,
नव्या रंगावर.

डबीवर माझा विश्वास आहे. खरंच आहे.
तरी सक एकवीस आलं
की झारा कढईतच थांबतो माझा,
मोहरी करपली तर करपू दे.

आतून आवाज येतो:
ही खिडकी एवढी उघडी कशाला ठेवलीस गं,
थंडी वाजतेय,
आणि ते कबुतर बघतंय माझ्याकडे.

बघू दे, म्हणते मी.
पुढचं म्हणा.