दीड बोट सैल

शुक्रवारी रात्री साडेनऊला, केबलच्या नऊ नंबरवर
आधी निळा पडदा, मग खरखर,
मग काळोख, कारण लेन्सचं टोपण काढायला मी विसरलेलो,
आणि काळोखातून गायधनी सर:
"नमस्कार. आज लागलेला सिनेमा आम्ही बघून आलो आहोत.
तुम्ही घाई करू नका."

स्टुडिओ म्हणजे सिडकोतल्या पिठाच्या गिरणीवरची खोली.
खाली दळण चालू असलं की माइकमध्ये ज्वारी यायची.
मागे चादर, चादरीवर रंगवलेली दोन रिळं,
त्यातलं एक अंड्यासारखं.
खुर्च्या दोन. एक लंगडी.
ती कोणाला, यावर दर आठवड्याला नाणेफेक.

सर भूगोलाचे. खिशाला लाल पेन.
नायिका महाबळेश्वरात रुसली
आणि पुढच्याच कडव्यात बर्फात हसली
की पाच गुण गेले:
"मध्ये दोन हजार किलोमीटर आहेत, बाई."
एकाला मात्र ग्रेस देऊन पास केलं,
त्यात नदी बरोबर दिशेला वाहत होती म्हणून.

याकूबचाचा कोकणी, चौक मंडईतले शिंपी.
दुकानातून थेट, गळ्यात टेप तसाच.
"कथा दीड बोट सैल.
खलनायक काखेत काचतोय.
आईचं मरण… कापड चांगलं होतं हो,
कात्री घाईत चालली."
"ही परीक्षणाची पद्धत नव्हे," सर म्हणत.
"सर, माणूस नकाशात राहतो का कपड्यात?"

एप्रिलातला एक शुक्रवार.
मध्यंतरानंतर वीज गेली ती गेलीच.
डोअरकीपरने बॅटरीच्या उजेडात अर्धे पैसे परत मोजले.
नायक पुलावर, हातात पत्र, न फोडलेलं,
इथवर बघून दोघं एका स्कूटरवर
रविवार कारंजावरून न बोलता आले.
मी म्हटलं, आज रद्द?
"अर्ध्या पेपरालाही गुण असतात," सर म्हणाले.

आणि मग कॅमेऱ्यासमोर उरलेला सिनेमा.
याकूबचाचांचा नायक पत्र फोडतच नाही.
सदऱ्याच्या अस्तरात शिवून घेतो,
आणि पोट सुटेल तसा तोच सदरा
चाळीस वर्षं उसवतो, शिवतो.

सरांचा नायक फक्त पत्ता वाचतो.
मनमाडला गाडी बदलतो,
पुढे एसटी, पुढे बैलगाडीची चाकोरी,
आणि पाणी लागतं.
"ते गाव धरणात गेलंय," सर म्हणाले.
"नकाशात आता निळं दाखवतात.
मीच शिकवतो मुलांना, निळं रंगवा."

चाचांनी गळ्यातला टेप काढून गुंडाळला.
"शाळा होती तिथे?"
"होती. चौथीपर्यंत."
बेचाळीस सेकंद कोणी बोललं नाही.
गिरणीसुद्धा.
मी झूम केलं नाही;
याचं श्रेय मला अजून कोणी दिलेलं नाही.

मग सरांनी पाटीवर लिहिलं: एक्केचाळीस.
चाचा म्हणाले, "बसतोय."

शनिवारी थिएटरवर भांडणं.
लोक विचारत होते, मनमाडचा सीन कुठे कापलात?
एका म्हातारीला अस्तर बघायचं होतं.
सोमवारी मीही जाऊन पुरा बघितला.
पत्र विम्याचं निघालं.
त्यानंतर वीस मिनिटं मारामारी.

ती कॅसेट पुढे केबलच्या मालकाने
भाच्याच्या साखरपुड्यावर खर्च केली.
परवा लावून बघितली: पेढे, मामा, पुन्हा मामा,
एक मूल कॅमेऱ्याला जीभ दाखवून पळतंय.
आणि सगळं संपल्यावर, टेपच्या शेपटीला,
अकरा सेकंद उरलेत.

लंगड्या खुर्चीत सर.
चाचा वाकून त्यांच्या बुशशर्टाचं
लोंबतं बटण टाकतायत, दातात दोरा,
म्हणून शब्द नीट येत नाहीत,
पण "हलू नका" असंच असणार.

सर हललेत.
फोकस गेलाय.