रात्री भुंकतो

रुस्तावीच्या बंद पोलाद कारखान्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
दोन पिंजऱ्यांमधली जाळी काढून केलेल्या एका पिंजऱ्यात
तो पडला होता. एकात मावत नव्हता.
लामाराने कार्ड वाचून दाखवलं:
नर. वय अंदाजे पाच. वजन बासष्ट किलो.
नाव बोंबोरा, इथेच ठेवलेलं.
तीनदा नेला, तीनदा परत.
कारण: रात्री भुंकतो.
कारण: रात्री भुंकतो.
तिसऱ्यांदा नुसतं: वरीलप्रमाणे.

अर्जात एक रकाना होता, कुत्रा कशासाठी हवा?
तेहतीस वर्षं मी रात्रपाळीची नर्स,
हृदयरोग विभाग, तिसरा मजला.
पेन्शन सुरू होऊन दोन वर्षं झाली,
तरी पहाटे चारपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.
कुणाचा तरी श्वास मोजायचा राहिलाय
असं वाटून उठते, आणि खोलीत खाट माझी एकटीचीच.
एवढं रकान्यात मावेना.
लिहिलं: राखणीला.
राखायला आहे काय तुमच्याकडे?
नऊ टर्की, म्हटलं, आणि एक नासपतीचं झाड.

पुतण्याच्या टेम्पोत तो चढेना.
शेवटी मीच मागे चढून बसले, गोणपाटावर,
तेव्हा माझ्याकडे पाठ करून चढला
आणि काखेतीपर्यंत मागे पडणारा रस्ता बघत उभा राहिला.

घरात आला नाही.
उंबऱ्याशी अंथरलेली गोधडी तोंडात धरून
फाटकापर्यंत नेली आणि तिच्या शेजारी, मातीत बसला.
टवकारायला कान नाहीत त्याला.
पिल्लू असतानाच कापले कुणीतरी,
लांडग्याच्या दाताला धरायला काही उरू नये म्हणून.
हाताने चाचपले तर दोन कडक कडा,
शिवण उसवलेल्या खिशासारख्या.
दिवसभर झोपायचा. अंधार पडला की उठून
कुंपणाला एक फेरी, मग टर्कींच्या खुराड्याला,
मग माझ्या खिडकीखाली दोन क्षण थांबून पुन्हा कुंपण.
मी ही चाल ओळखते.
चपला न वाजवता अशीच चालायचे मी,
खाट एक ते खाट अठरा.
भुंकायचा. अलाझानीपल्याडच्या कोल्ह्यांना,
कोल्हे नसले तर कोल्ह्यांच्या जागेला.
शेजारच्या वाझाने पहिल्या आठवड्यात दगड मारला,
दुसऱ्यात शिव्या दिल्या,
तिसऱ्यात विचारलं, आमच्या बाजूलाही फिरेल का?

ऑक्टोबरात मेंढरं उतरली.
तुशेतीहून शिराकीकडे, दरवर्षीसारखी,
सगळा रस्ता लोकरीचा, लेंड्यांचा, घंटांचा.
तो फाटकाशी उभा. अंगावरचा एक केस हलत नव्हता.
ख्वतिसो नावाचा म्हातारा मेंढका काठी टेकून थांबला.
हा आमचा असणार, म्हणाला. आमचा नसला तर आमच्यासारख्यांचा.
ट्रकमधून पडतात कधीकधी, मोजायला कुणाला वेळ असतो?
मला वेळ होता. पाच महिने रोज मोजला होता त्याला.
तरी मीच कडी काढली.

तो गेला. धावला नाही,
कळपाच्या डाव्या कडेने चालू लागला,
जणू सकाळी तिथूनच उठला होता.
पुलापर्यंत त्याची पाठ दिसली,
मग सगळ्याच पाठी सारख्या.

त्या रात्री गावात कुणी भुंकलं नाही.
मी टर्की मोजले. नऊ.
पुन्हा मोजले.
चहा केला, प्यायले नाही.
वाझाच्या खिडकीतही दिवा होता, उशिरापर्यंत.

दुसरी रात्रही तशीच.
तिसऱ्या दिवशी, पहाट व्हायच्या जरा आधी,
फाटक ढकलल्याचा आवाज.
पोटाखाली काटेगोखरू, एक पंजा सुजलेला,
अंगाला मेंढरांचा आंबूस वास.
बूट घालायचं भान नव्हतं मला.
त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.
आधी कुंपण, मग खुराडं, मग खिडकी.
खिडकीत मी नव्हते, तेव्हा थबकला,
आणि वळून, अंगणात उभी असलेल्या मला
नाकाने ढकलत, ढकलत, दारापर्यंत आणून सोडलं.

काल रात्री लामाराचा फोन आला.
सहा महिने झाले की करावाच लागतो, म्हणाली,
कार्डावर लिहायचं असतं.
अजून भुंकतो का हो तो?
परत आणायचा विचार?

मी काही बोलले नाही.
खिडकी उघडली
आणि फोन बाहेर धरला.