आठाचा तीन

कुरखेड्यात माझं घड्याळ-रेडिओ दुरुस्तीचं दुकान.
रैनू कुमोटीनं पिशवीतून काढलं
वनहक्काच्या मोजणीतलं जुनं जीपीएस,
तेंदूच्या पुड्यासारखं दोरीनं बांधलेलं.
"आठाचा तीन दिसून राहिला, बावा.
काल आमची शीव नाल्यापलीकडं गेली."

चार स्क्रू. आत मोहाचा वास, एक वाळकी मुंगी.
काचेच्या कडेची फीत सुटत आलेली,
म्हणून पडद्यावरच्या उभ्या रेघा मेलेल्या.
स्पिरिटनं पुसली.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधे धरून
सोल्डरिंगचं टोक फिरवत गेलो,
श्वास रोखून;
ताप जास्त झाला की फीतच जळते.

एकेक रेघ उठली.
तिनाची उघडी बाजू मिटली, आठ झाला.
रैनू आकडे मोठ्यानं वाचू लागला,
शाळेत हजेरी घ्यावी तसा.

उजवीकडची एक रेघ काही आली नाही.
पुन्हा तापवू का, मी विचारलं.
"राहू द्या. तिच्याखाली नदी असन.
नदीले मी ओळखतो."

चारोळीची पुडी काउंटरवर ठेवली, दोरी खिशात टाकली,
आणि भर उन्हात रस्त्यावर उभा राहिला
उपग्रह सापडेपर्यंत.
धानोऱ्याची एसटी त्याच्यासमोरून निघून गेली.