सतरावं उत्तर

बाबा मेंढीचा कान अंधारातही वाचायचे.
स्विनोयच्या कोंडवाड्यात, ऑक्टोबर सरता सरता,
कंदील एकच, आणि तो एयुनकाकाकडे;
बाबांकडे फक्त अंगठा.
उजव्या कानाच्या टोकाला खाच, डाव्याला मागून चीर:
आमची.
टोक छाटलेलं आणि खाली दोन खाचा:
ओढ्यापलीकडच्या मार्गालिनची.
एका बेटावर एक खूण एकाच घराची,
नोंदवहीत चढवलेली. दुसऱ्यानं उचललीच
तर सारं गाव त्याचे कान पिळायचं.

मी कान कापत नाही.
क्लाक्सविकच्या धक्क्यावर, शीतगृहाच्या वरच्या मजल्यावर,
मी एक लहानसं अवजार लिहिलं.
ते माणसांसाठी नाही.
आमचा मदतनीस ते वापरतो, तोच, जो रात्रभर
सॅमनच्या पेट्यांचे कागद करतो,
जहाजांना निरोप धाडतो,
आणि एकदाही जांभई देत नाही.
कुठलीही पेटी हलवण्याआधी
त्यानं अवजाराला विचारायचं:
हा क्रमांक बरा दिसतो ना?

छत्तीस जागा. आठ अक्षरं, आडवी रेघ,
चार, रेघ, चार, रेघ, चार, रेघ, मग बारा.
शून्य ते नऊ, ए ते एफ, बाकी कुणाला प्रवेश नाही.
तिसऱ्या गटाच्या दारात चार उभा हवा,
चौथ्याच्या दारात आठ, नऊ, ए किंवा बी.
एवढं पाहायचं आणि म्हणायचं: वैध. अवैध.
पहिल्याच आठवड्यात तो शून्याच्या जागी ओ घेऊन आला.
अवजारानं उंबऱ्यावरूनच परत पाठवला.
मला उगाच अभिमान वाटला.

मग ती गुरुवारची पेटी.
लेबलावर खारं पाणी, शेवटच्या गटातलं
एक अक्षर धुऊन गेलेलं.
रिकामी जागा मदतनीसाला सोसत नाही.
त्यानं तिथे तीन बसवला,
आणि अगदी नम्रपणे, विचारलंसुद्धा.
अवजार म्हणालं: वैध.
म्हणणारच. तिथे सोळांपैकी काहीही चाललं असतं,
सोळाच्या सोळा वैध.
नोंदवहीत मात्र तीनवाली पेटी नव्हती.
मग मला निरोप आला, विरामचिन्हांसकट:
अशी पेटी अस्तित्वात नाही.

खाली पेटी होती.
कोपऱ्यातून बर्फाचं पाणी गळत होतं,
जहाज सुटायला चाळीस मिनिटं,
आणि एयुनकाकाची नात रान्वा, रबरी बुटांत,
तिच्यावर बसून कॉफी पीत होती.
अस्तित्वात नाही म्हणे, मी म्हटलं.
ती उठली, झाकण थोपटलं.
मग इतका वेळ मी बसले कशावर?

तोच क्रमांक पेटीच्या बुडाशी
प्लास्टिकात उठवलेला होता, खवल्यांनी बुजलेला.
दिवा तिथवर पोचत नव्हता.
मी हातमोजा काढला.
बधिर अंगठा एक एक खळगा मोजत सरकला:
उभी रेघ. रेघेला पोट.
एकच पोट. म्हणजे बी नव्हे,
डी.

त्या रात्री मी अवजारात दोन ओळी वाढवल्या.
वैध म्हणून आता ते गप्प होत नाही,
लगेच कानावर हात ठेवतं:
आकार बरोबर आहे. पेटी आहे की नाही, मला ठाऊक नाही.
जागा रिकामी असेल तर रिकामी ठेव. खाली माणूस आहे, त्याला विचार.
मदतनीस आता विचारतो.
कधी कधी पहाटे तीनला.
रान्वा शिव्या घालते, मला; त्याला नाही.

बाबांना फोनवर सांगितलं.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले,
खूण तंतोतंत आमची, आणि मेंढी आमची नव्हे,
असं झालंय एकदा. शेजारच्या बेटावरही
कुणीतरी तीच खूण धरली होती.
मग?
मग काय. बांधून ठेवली, चारा घातला,
आणि विचारायला गेलो.
समुद्र खवळलेला होता. दोन दिवस लागले.